उरलंसुरलं कुणी संपवायचं?

मी तशी भांडकुदळ बाई. माहेरी सातवी पास झाले आणि सासरी जिभेची तिखट म्हणून नाव मिळवलं. कुणी एक बोललं तर मी दोन ऐकवून येणार. पण माझ्या आजारपणाबद्दल मात्र मी कित्येक वर्षं तोंड उघडलं नाही, कारण तो आजार सांगितला की माणसं आधी हसायची. बहात्तरच्या दुष्काळात, आमच्या जामखेड तालुक्यातली माणसं सरकारी लाल मिलोसाठी, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीसाठी, रांगेत उभी होती तेव्हा, मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की बाई, तुम्ही कमी खा.

हसा. हसून घ्या आणि मग पुढचं वाचा. परवा माझ्या भाचीच्या बेंबीपाशी तसलीच गाठ निघाली. तिलाही डॉक्टर म्हणाले, आधी वजन उतरवा मग ऑपरेशन. ती रडत माझ्याकडे आली. तिला जे सांगितलं तेच इथं लिहितेय.

गाठ

धाकट्याच्या बाळंतपणानंतर माझी बेंबी वर आली ती आलीच. आधी बोराएवढी, मग लिंबाएवढी. खोकलं की बाहेर, आडवं पडलं की आत. दुखत नव्हती, म्हणून मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. वरून पदर घेतला की झालं. अंगानं मी भरलेलीच होते. लग्नात बारीक, मग प्रत्येक पोरामागं थोडी थोडी वाढत गेले. चार पोरं झाली. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, उलट कौतुकानं सांगायच्या, "आमच्या घरचं मानवलं इंदीला."

एके दिवशी गोठ्यात शेणाची पाटी उचलली आणि गाठ बाहेर आली ती आत जाईना. मी तिथंच बसले. दरदरून घाम सुटला. थोरल्या शकूला हाक मारली, तिनं मला धरून घरात निजवलं. बऱ्याच वेळानं गाठ आपोआप आत गेली, पण माझी भीती काही गेली नाही. दुसऱ्याच दिवशी मालकांनी मला एस.टी.त घातलं आणि नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई उंच, करड्या केसांच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी आधी मला काट्यावर उभं केलं. तिथल्या सिस्टरनं आकडा इतक्या मोठ्यानं वाचला की बाहेर बाकावर बसलेली माणसं डोकावून बघायला लागली. आकडा मी आजही सांगणार नाही.

"हा हर्निया," बाई म्हणाल्या. "पोटाच्या भिंतीला भोक पडलंय, त्यातून आतडं बाहेर येतंय. ऑपरेशन करावं लागेल."

"मंग करून टाका की," मालक म्हणाले.

"आत्ता नाही करणार. एवढ्या चरबीत घातलेले टाके धरत नाहीत, पुन्हा उसवतात. आणि यांना भूल दिली तर श्वासाचं काय होईल याची खात्री मी देणार नाही. आधी वजन खाली आणा."

मग त्यांनी माझ्याकडे बघून एकेक शब्द सावकाश सांगितला. ही गाठ कधी दगडासारखी कडक झाली, दुखायला लागली, आत जाईना आणि उलट्या सुरू झाल्या, तर हातातलं काम टाकून इकडे या. आतडं त्या भोकात आवळलं गेलं तर फार वेळ मिळत नाही. मी विचारलं, म्हणजे किती? त्या म्हणाल्या, "ते मोजत बसू नका. निघा."

परतीच्या गाडीत मालक खिडकीतून वाटेवरच्या विहिरी बघत होते. शेतकरी माणूस, त्यांनी आपल्या परीनं त्याचा अर्थ लावला. "म्हंजी असं बग, झरा कमी करायचा अन उपसा वाढवायचा. मंग हिरीचं पानी आपसूक उतरतं."

"समद्या जिल्ह्याच्या हिरी उतरल्या," मी म्हणाले, "माझीच तेवढी भरलेली."

ते हसले. मलाही हसू आलं. त्यानंतर पुष्कळ दिवस आम्ही दोघं मिळून असे हसलो नाही.

दुष्काळात जाडी बाई

आमच्या दोन्ही विहिरींनी तळ दाखवला होता. जनावरं छावणीला धाडली होती. मालक रोज पाझर तलावाच्या कामावर जायचे, गावातल्या सगळ्या बाप्या-बाया तिकडंच. मला डॉक्टरीणबाईंची ओझं उचलायची बंदी, म्हणून मी घरी. वाळलेल्या गावात एक जाडी बाई ओट्यावर बसून निवडणटिपण करतेय, हे लोकांच्या डोळ्यात सलायला लागलं.

धान्याच्या दुकानापुढं रांगेत एक बाई मला ऐकू जाईल असं बोलली, "हिच्याकडं बगून वाटतं का गं दुस्काळ हाय म्हनून? ह्यांच्या पेवात ज्वारी असनार."

पेव म्हणजे जमिनीत धान्य साठवायचा खड्डा. आमच्या घरामागच्या वाडग्यात, म्हणजे परसात, एक होतं, आणि दोन सुगी बुडाल्यापासून ते रिकामं होतं. मी त्या बाईला जे ऐकवायचं ते ऐकवलंच. पण बोलणं गावभर झालं. शेवटी मालकांनी चार जाणती माणसं बोलावली, पेवाचं तोंड उघडलं, आतली वाफ जाऊ दिली आणि म्हणाले, "उतरा. डोळ्यांनी बगा." एकजण खाली उतरून मोकळ्या हातानं वर आला. मी दाराआडून बघत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या अंगापायी माझ्या नवऱ्याला गावाला रिकामं पेव दाखवावं लागलं.

त्या दिवसापासून मी हट्टाला पेटले. सकाळी कोरा चहा. दुपारी एक भाकरी. संध्याकाळी अर्धी. गोड नाही, तेल नाही. घरातलं झाडलोट, दळण, धुणं सगळं करत होते. पोटात आग पडायची. रोज सकाळी डोळा उघडला की उठायच्या आधी हात बेंबीवर जायचा. मऊ आहे ना? आत जातेय ना? मग उठायचं. खोकला आला की तोंडात पदर कोंबायचा. धाकटा अंगावर उडी मारायला आला की मी किंचाळायचे, आणि ते पोर घाबरून आत्याबाईंच्या मागं लपायचं. मी मेले तर हे चौघं कुणाच्या तोंडाकडं बघणार, हाच एक विचार डोक्यात घोळायचा.

संक्रांतीनंतर पुन्हा नगरला गेलो. काट्यावर चढताना मला वाटलं होतं, आता बाई शाबासकी देणार. काटा तिथंच. उलट थोडा पुढंच सरकलेला.

"काय खाता?"

मी सांगितलं.

"खरं सांगा."

"खंडोबाची आण घेते."

बाईंनी चष्मा काढला. "मग एक काम करा. आठ दिवस इथंच राहा. माझ्या डोळ्यापुढं खा. बघू."

मला वॉर्डात खाट दिली. मालक निघताना व्हरांड्यात थांबले. खाली बघत म्हणाले, "राग मानू नको. झरा बांदलाय म्हनतीस, उपसा चाललाय म्हनतीस. मंग पानी उतरंना कसं? कुटंतरी चोरझरा हाय."

"म्हंजी?"

"चोरून खातीस का?"

एरवी मी चार शिव्या हासडल्या असत्या. त्या वेळी कशीबशी म्हणाले, "जावा तुमी. गाडी चुकंल." आणि ते गेले. मी भिंतीकडं तोंड करून पडले आणि पुष्कळ रडले. उपाशी राहिल्याचं दुःख वेगळं. पण उपाशी राहूनही आपल्याच माणसाला चोर वाटावं, हे फार लागलं.

वॉर्डातला भात

दवाखान्याचा दिवस उजाडायच्या आत सुरू व्हायचा. झाडूवाली मावशी खाटांखालून खराटा मारत यायची. मग थर्मामीटर. मग सिस्टरी दारात उभ्या राहून प्रार्थना म्हणायच्या, त्यांचा आवाज गोड होता. मग चहा, मग बाईंची फेरी. फेरीत त्या माझ्या गाठीवर हात ठेवून "खोका" म्हणायच्या आणि माझा जीव वरखाली व्हायचा.

शेजारच्या खाटेवर मार्थाबाई नावाच्या शिक्षिका होत्या, सुप्याकडच्या. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. बारीक चणीच्या, बोलायला मिश्कील. दुसऱ्या बाजूला एक पोरसवदा बाळंतीण, तिला तोंडाला चव नव्हती. मला वाढायचे ते मोजून: एक वाटी भात, वरण, भाजी. तेवढं खाऊन मी हात धुवायचे. चौथ्या दिवशी काट्यावर चढवलं तर काटा जरासुद्धा हललेला नाही. आता मात्र मी घाबरले. माझ्या अंगात काही वाईट शिरलंय, असंच मला वाटलं.

दुपारी जेवणं झाली. मी आपली खाटेवर बसले होते. मार्थाबाई माझ्याकडं टक लावून बघत होत्या.

"इंदूबाई, माझ्या ताटात भात उरला होता. तो कुठं गेला?"

"खाल्ला की मी."

"आणि त्या पोरीची पेज?"

"तीबी संपवली. ती टाकून देत व्हती. अवो, बाहेर लोकं अन्नाला महाग झालीत आन इथं टाकायचं का?"

"अहो, मग तुम्ही डॉक्टरांना एक वाटी भात कसं सांगता?"

"एकच वाटी खाते मी. ते उरलेलं व्हतं."

मार्थाबाई हसायला लागल्या. टाके दुखतील म्हणून पोट धरून हसत होत्या आणि "आई गं, आई गं" करत होत्या. मला राग आला. मग त्या थांबल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "इंदूबाई, ताटात काय वाढलं ते सांगू नका. तोंडात काय गेलं ते सांगा. घरी कोण संपवतं उरलेलं?"

मी घरची एकेक ताटं आठवायला लागले.

घरी कोण संपवणार? पोरांच्या ताटातले तुकडे, कुणाचं कोरड्यास, म्हणजे कालवण, कुणाचा भाकरीचा पापुद्रा. भांड्याच्या तळाची आमटी. तव्यावरची मोडकी भाकरी, जी कुणाला वाढता येत नाही. मालकांच्या ताटातलं तर माझंच, बायकोनं नवऱ्याच्या ताटात जेवायचं ही रीतच. शिवाय आत्याबाईंचं रोजचं, "इंदे, एवढंसं कशाला ठेवतीस, संपवून टाक." आणि मी संपवत होते. चुलीपुढं उभ्या उभ्या, भांडी गोळा करता करता. माझी एक भाकरी मी बसून, मोजून खायची. बाकीचं माझ्या लेखी जेवण नव्हतंच. ते भांडी घासायच्या कामात मोडत होतं.

मी बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. उरलेल्या दिवसांत कुणाच्या ताटाला हात लावला नाही, तेव्हा काटा हलला. अगदी थोडा, पण खाली.

घरी सोडताना बाई म्हणाल्या, "दोन गोष्टी. उरलेल्याला हात लावायचा नाही. आणि रोज चालायचं, लांबवर, भरभर, पण रिकाम्या हातानं. चाललात की भूक लागेल, म्हणून दुप्पट खायचं नाही. आणि वजन लवकर उतरावं म्हणून उपाशीही राहायचं नाही, चक्कर येऊन पडाल. खाणं आणि चालणं दोन्हीचा मेळ बसला पाहिजे. एकाच्या जिवावर हे होणार नाही."

न्यायला आलेल्या मालकांना मी एस.टी. स्टँडवर उरलेल्याचं सांगितलं. वाटलं होतं, आता म्हणतील, चुकलं माझं. उलट त्यांचा चेहराच पडला. मला काही कळलं नाही आणि मीही रागात होते, विचारलं नाही.

रिकाम्या हातानं

सांगायला सोपं. उरलेल्याला हात लावायचा नाही, तर मग ते जायचं कुठं? मालक त्या दिवसापासून ताट चाटूनपुसून उठायला लागले. पण पोरं ती पोरं. मिलोची भाकरी त्यांना गिळवायची नाही. एकदा मी धाकट्याच्या ताटातली चतकोर भाकरी कुत्र्यापुढं टाकली आणि आत्याबाईंनी बघितलं.

"आगं ए सटवे! मानसं रांगा लावून भाकरीला तरसत्यात अन तू कुत्र्याला घालतीस?"

"मंग कुनी खायची?"

"मी एवढी हयात उष्ट्यावर काढली. मला न्हाई काय झालं. तुझंच पोट लई नाजूक?"

आमचं कडाक्याचं वाजलं. दोन दिवस आमच्यात पुरता अबोला, नंतरही कामापुरतंच बोलणं. चूक त्यांचीही नव्हती. त्यांनी कोवळ्या वयापासून सगळ्यांच्या मागून जेवून घर चालवलेलं. त्यांना माझं हे सगळं सोंगच वाटत असणार. पोरांना मी आधी कमी वाढायला लागले, मागतील तसं पुन्हा. तरी रोज काही ना काही उरायचंच, आणि रोज माझा हात त्या ताटाकडे जाऊन मागं यायचा.

चालण्याची तर वेगळीच कथा. आमच्याकडं बाई रस्त्यानं चालते ती कशासाठी तरी. डोक्यावर काही, कमरेवर काही, निदान काखेत पोर. रिकाम्या हातानं भरभर चालणारी बाई बघितली की पहिला विचार येतो, ही घर सोडून निघाली. पहिल्या दिवशी मी खर्ड्याच्या वाटेला लागले, किल्ल्याचा बुरूज दिसेपर्यंत जायचं ठरवून. पहिल्या वळणावरच एकानं विचारलं, "वैनी, कुठं?" दुसऱ्यानं विचारलं, "भांडून चालली जनू?" तिसरा तर माझ्यामागं सायकल घेऊन आला, मला परत न्यायला. मी घरी आले ती शिव्या देतच.

दुसऱ्या दिवशी मी कमरेवर कळशी घेतली. रिकामी. बास! कुणी काही विचारेना. पाण्याला निघाली असणार. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं. रोज सकाळी रिकामी कळशी घेऊन जायचं, बुरूज दिसला की फिरायचं, रिकामी कळशी घेऊन यायचं. "न्हाई मिळालं व्हय पानी?" कुणी म्हणायचं. "न्हाई बाई," मी म्हणायचे. पाणी कुणालाच मिळत नव्हतं, त्यामुळं कुणाला नवल वाटत नव्हतं.

आणि अंग उतरायला लागलं. साबण लावूनही न निघणाऱ्या बांगड्या हातात वरखाली सरकायला लागल्या. झंपर ढिले पडले. आधी धाप लागायची त्या चढाला आता मी न थांबता चढत होते. होळीनंतर नगरला गेले तेव्हा सिस्टरनं आकडा पुन्हा मोठ्यानं वाचला आणि बाई म्हणाल्या, "अजून थोडं. उन्हाळ्याच्या शेवटी करू ऑपरेशन." दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा बेंबीवर हात न ठेवता उठले.

भरलेली कळशी

चैत्र सरत आला होता. मी बुरुजाच्या अलीकडून परतले आणि बघते तो फाट्यावर पाण्याचा टँकर! ड्रायव्हरनं टायर पंक्चर झाला म्हणून थांबवलेला, आणि गाडी हलकी व्हावी म्हणून नळी सोडून येईल त्याला पाणी देत होता. रांग नाही, झुंबड नाही, दोन-तीनच बाया. आणि माझ्या कमरेवर रिकामी कळशी.

आता मला सांगा, त्या उन्हाळ्यात, घरात माणसागणिक तांब्या मोजून पाणी देत असताना, कुठली बाई रिकामी कळशी घेऊन टँकरजवळून पुढं जाईल? मी पुढं गेले नाही. डॉक्टरीणबाई आठवल्यासुद्धा नाहीत. डोळ्यापुढं फक्त धाकट्याची वाळलेली जीभ. कळशी भरली. वाकले, कमरेवर घेतली, आणि पोटात काहीतरी सटकन निसटलं.

कळशी तशीच धरून मी घरापर्यंत आले. सांडली नाही. आजही मला याचं हसावं का रडावं कळत नाही. ओट्यावर ठेवली आणि आडवी झाले. गाठ दाबून बघितली. दगड.

वाट बघितली. आत जाईना. शकूला म्हणाले, "तुझ्या बाला बोलव." ती तलावाच्या कामावर पळत गेली. तोवर पोटात कळा सुरू झाल्या, मग उलटी. आत्याबाई माझ्या डोक्याशी बसल्या होत्या. दोन महिने आम्ही धड बोललो नव्हतो. त्या माझं कपाळ चेपत नुसतं म्हणत होत्या, "इंदे, डोळे मिटू नको. माझ्याकडं बग."

एस.टी. निघून गेली होती. गावात मिलोची पोती उतरवून एक ट्रक परत नगरला निघाला होता. मालकांनी त्याच्यापुढं आडवं उभं राहून तो थांबवला. मागं रिकाम्या पोत्यांवर मला निजवलं. रस्ता खडीचा, प्रत्येक खड्ड्याला माझ्या तोंडून किंकाळी. ऊन डोक्यावर. मालकांनी त्यांच्या पटक्याची सावली माझ्यावर धरली होती. जामखेड मागं पडलं, आष्टी मागं पडली, नगर काही येईना. मला वाटलं, आता आपण पोचत नाही.

"अवो," मी म्हणाले, "मी चोरून न्हाई खाल्लं."

"मला म्हाईत हाय." त्यांनी पटका आणखी पुढं धरला. "चोरझरा मीच हुतो. एका भाकरीवर तू कशी जगशील म्हनून रोज ताटात अर्धी ठिवून उठायचो. म्हनलं, माझं उष्टं म्हनून तरी खाईल. अन वर तुलाच चोर म्हनलं मी."

खडी उचलून आलेला माणूस. मिलोची दीड भाकरी त्याच्या वाट्याला, त्यातली अर्धी तो माझ्यासाठी ठेवत होता. आणि ती मी खाल्ली ते ना मला खाणं वाटलं, ना त्याला. मी त्यांचा हात धरला. त्यानंतरचा रस्ता मला नीट आठवत नाही.

बाईंनी मला बघितलं आणि सरळ आत घेतलं. भूल देण्याआधी त्यांचा चेहरा माझ्यावर वाकलेला होता. मी विचारलं, "अजून थोडं उतरायचं व्हतं ना?" त्या म्हणाल्या, "उतरलंय तेवढ्यावर भागवू."

जागी झाले तेव्हा खाटेशी मालक होते आणि पोटावर पट्टा. आतडं वाचलं होतं. बाई नंतर म्हणाल्या, "तुम्ही हिवाळ्यातल्या वजनानं आला असतात तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही." मग डोळे मोठे करून म्हणाल्या, "आणि कळशी कुणी उचलायला सांगितली होती?" मी डोळे मिटून घेतले.

पंगत

टाके काढून घरी आले त्या दिवशी शकूनं स्वयंपाक केला होता. मी पुरुषांची, पोरांची पानं होईस्तोवर थांबायचं म्हणून भिंतीला टेकून बसले. मालक म्हणाले, "आज समदी संगच बसू." आत्याबाईंनी भुवया वर केल्या, पण बसल्या. त्याही संगतच. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.

मला बाईंनी सांगितलेलं तेवढंच वाढलं. मी सावकाश जेवले. धाकट्यानं अर्धी भाकरी चिवडली, कंटाळला, आणि सवयीनं ताट माझ्याकडं सरकवलं. "आई, घे."

सगळे थांबले. आत्याबाई बघायला लागल्या. माझा हात, खरं सांगते, पुढं गेला होता.

मालकांनी हात लांब करून ते ताट आपल्याकडं ओढलं आणि पोराची उष्टी भाकरी मोडून तोंडात घातली.

आत्याबाई म्हणाल्या, "आरं, बाप्या मानसानं उष्टं खायचं?"

"माझ्या पोटात जागा हाय," ते चावता चावता म्हणाले. "हिच्या पोटात टाके हायेत." मग माझ्या ताटात राहिलेला चतकोरही त्यांनी उचलला. बायकोचं उष्टं. मी तोंड फिरवलं, कारण डोळ्यांतलं पाणी ताटात पडलं असतं.

शकू तव्याकडं वळली होती. आत्याबाईंनी आपल्या ताटाकडं बघितलं. अर्धी भाकरी होती त्यात. सबंध हयातीत त्या बाईनं ताटात कण ठेवला नव्हता, आपल्याही नाही आणि दुसऱ्याच्याही नाही. त्यांनी ते ताट उचललं आणि लेकापुढं ठेवलं.

"मंग हेबी घे," त्या म्हणाल्या. "मला आदीपासूनच एवढं जात न्हवतं."